कडुलिंबाखालचं टेबल

सोनकांबळे काकांचं टेबल दिवसातून चार-पाच वेळा दाराबाहेर जायचं आणि तितक्याच वेळा आत यायचं. टेबल लहानसंच होतं, खेड्यातल्या शाळेत मास्तरांचं असतं तसं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. खोलीत कुणी काडी ओढली की काका पेनाला टोपण लावायचे, कागदांवर दगड ठेवायचे, टेबल दोन्ही हातांनी उचलायचे आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवायचे. मग परत येऊन खुर्ची न्यायचे. तोंडातून एक शब्द नाही की कपाळावर आठी नाही. खोलीतला धूर विरला की आधी खुर्ची आत, मग टेबल. पेनाचं टोपण निघायचं आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू व्हायचं.

“काय काका, निघाली का वरात?” बिराजदार अण्णा विचारायचे. आमच्यातले सगळ्यांत मोठे ओढणारे तेच.

“या की अण्णा, तुम्ही बी चला वरातीला,” काका म्हणायचे आणि खरंच क्षणभर थांबायचे, अण्णा उठतात का पाहत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कार्यालयं पुष्कळ आणि इमारती थोड्या, त्यामुळे जिथे जागा मिळेल तिथे पाट्या लागत होत्या. बांधकामाचा आमचा लहानसा उपविभाग एका आडत्याच्या जुन्या गोदामात थाटला होता. वर पत्रे, पुढे एक लांबट खोली, तिच्यात आम्ही नऊ माणसं आणि आतल्या बाजूला फळ्यांचा आडोसा घालून केलेली साहेबांची खोली. दोनच खिडक्या होत्या, त्याही रस्त्याच्या बाजूला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली तरी फाईलवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ बसायची. म्हणून खिडक्या कायम बंद असायच्या. नऊपैकी पाच जण बिडी-सिगारेट ओढायचे. सकाळी अकराला वर गेलेला धूर संध्याकाळपर्यंत पत्र्याखाली लोंबकळत राहायचा.

त्या पाचांतला एक मी होतो. तेविशीतला, रेणापूरकडच्या एका शेतकरी घरातला, रोजंदारीवर लागलेला कारकून. घरची विहीर आटलेली होती आणि कायम होण्याची ऑर्डर आज येईल, उद्या येईल, यावर सगळं घर डोळे लावून बसलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. काकांशी मी जे वागलो ते आधी सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिण्याचा मला हक्क नाही, एवढंच.

काका मूळचे नायगावकडचे. घर नांदेडला. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती म्हणून त्यांना लातूरला पाठवलेलं. इथे ते एका खोलीत एकटे राहायचे, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने नांदेडला जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून थेट कार्यालयात हजर व्हायचे. उंच, सडसडीत बांधा, पांढरा शर्ट आणि भर मे महिन्यातही मनगटापर्यंत लावलेल्या बाह्या. वयाने, हुद्द्याने लहान असलेल्यालाही ‘जी’ लावूनच बोलायचे. शिपायालासुद्धा. मला ‘जाधवजी’ म्हणायचे तेव्हा सुरुवातीला मला ती थट्टाच वाटली होती.

त्यांचा सगळा विश्वास अर्जावर. पाण्याच्या माठावर झाकण नव्हतं. दुसरं कुणी असतं तर त्याने जाऊन झाकण आणलं असतं किंवा नुसती कुरकुर केली असती. काकांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, आवक नोंदवहीत त्याला क्रमांक टाकला आणि दर आठवड्याला साहेबांना नम्र स्मरणपत्र दिलं. झाकण आलं त्या दिवशी आभाराचं पत्रही नोंदवहीतून गेलं. “काकाला शिंक आली तर आधी आवक क्रमांक पडतो, मग शिंक,” असं अण्णा म्हणायचे. काका हसायचे आणि सांगायचे, “तोंडानं मागितलं की उपकार व्हतो जी. कागदावर मागितलं की काम व्हतं.”

बिडीबद्दल मात्र त्यांनी कधी कुणाला उपदेश केला नाही. मी एकदा चिडवायला म्हणून विचारलं, की आम्ही ओढतो म्हणून तुम्ही आम्हाला पापी समजता का. त्यांनी मान हलवली. “माझ्या बापानं ओढली, म्या बी ओढली. दहा वर्सं ओढली. ज्याची छाती त्याचा निकाल. निस्ती दुसऱ्याच्या छातीत सोडू नका, इतकंच म्हणणं हाय.”

त्यांचं हे बाहेर बसणं बघणाऱ्याला वेगळंच वाटायचं. काका बौद्ध समाजातले, हे आडनावावरूनच कळे. एकदा औशाकडचा एक म्हातारा कागदाच्या चौकशीला आला. तोही त्याच समाजाचा असावा. कार्यालय आत आणि हा एकटा कारकून झाडाखाली, हे पाहून तो थबकला. जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, “सरकारात आलाव तरी भाईरच का, बाबा?” मी दारातच सिगारेट ओढत उभा होतो. मला वाटलं, काका आता आमच्याकडे बोट दाखवतील.

त्यांनी म्हाताऱ्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण टेबलाला टेकून उभे राहिले. “बाहेर बसवणं येगळं आन् बाहेर बसणं येगळं. माझ्या बापाला चावडीच्या पायरीखाली बसवायचे. म्या माझ्या मर्जीनं उठून आलोय. आत धूर लई हाय. तो गेला की आत जातो. कुणाची टाप न्हाई अडवायची.” म्हातारा हसला, काकाही हसले. मी सिगारेट पायाखाली विझवली आणि आत गेलो. का विझवली ते तेव्हा कळलं नाही.

त्याच सुमाराला अनुसयाबाई आल्या. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात होते. ते अचानक वारले आणि त्यांच्या जागी बाईंना टायपिस्ट म्हणून घेतलं, तात्पुरत्या तत्त्वावर. दोन लहान मुली, सासरचं कुणी नाही. बोटं मशीनवर अशी चालायची की अण्णासुद्धा सिगारेट हातात तशीच धरून ऐकत राहायचे. पण बाईंना दमा होता. सकाळी त्या ठीक असायच्या. दुपारी तीन वाजले की मशीनचा आवाज मधेच तुटायला लागायचा. चार अक्षरं, मग श्वास. चार अक्षरं, मग श्वास. आठवड्यातून एक-दोन दिवस त्या येऊच शकत नव्हत्या. तात्पुरत्या माणसाला रजा ती किती असणार? संपली की नोकरी संपली, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं.

काकांनी त्यांना आधी झाडाखाली बसवून पाहिलं. दोन दिवसांत धुळीने मशीन अडकलं आणि सरकारी मशीन उघड्यावर नेलं म्हणून साहेब बाईंनाच बोलले. मग काकांनी अर्ज लिहिला. त्याची नक्कल मीच केली होती, म्हणून मजकूर आठवतो. काम चालू असताना खोलीत कुणी बिडी-सिगारेट ओढू नये, ओढणाऱ्यांसाठी मागच्या पडवीत दोन बाकं टाकावीत आणि एक खिडकी उघडून तिला ओलं तरट लावावं. खाली लिहिलं होतं, ‘मी उठून बाहेर जाऊ शकतो. अनुसयाबाई जाऊ शकत नाहीत.’

साहेबांनी अर्ज वाचला आणि पेपरवेटखाली ठेवला. ते स्वतः दिवसाला एक पाकीट ओढणारे. स्मरणपत्रं जात राहिली, पेपरवेट जागचं हललं नाही.

आणि मग तो तपासणीचा दिवस आला. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब कळवल्याशिवाय दारात उतरले. त्यांना पहिली दिसली ती गोष्ट म्हणजे झाडाखाली टेबल टाकून लिहीत बसलेले काका. नाव विचारलं. नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते आमच्या साहेबांकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले, की या माणसाला बाहेर बसवायची कल्पना कुणाची, तुम्हाला नोकरी नको झालीय का. आमच्या साहेबांनी हातातली सिगारेट पाठीमागे नेली. आम्ही सगळे दारात गोळा झालो होतो. काका नुसते गप्प राहिले असते, तरी त्या दिवशी साहेबांचं काही खरं नव्हतं. अर्ज दाबून ठेवल्याचा सूड एका दमात निघाला असता.

काका उठून उभे राहिले. “न्हाई साहेब. मला कुणी बाहेर काढलं न्हाई. धुरानं काढलं. अर्ज दिलेला हाय, टेबलावर असंल.”

मोठ्या साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि हसलेच. एवढंच होय? मग त्यात काय, म्हणाले. सगळ्यांचे जबाब घ्या, त्रास होतो की नाही ते लिहून घ्या आणि प्रकरण निकालात काढा. चहा घेऊन ते निघून गेले. काकांनी आपल्या साहेबांना वाचवलं होतं. साहेबांना मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, नेमकं तेच सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. एक कागद टाईप करून तयार होता. बाहेरून कुठून तरी करून आणला असावा. ‘आम्हांस कार्यालयातील धुराचा कोणताही त्रास होत नाही.’ खाली नावं आणि सहीच्या जागा. काकांचं नाव सोडून सगळ्यांची. साहेबांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. साहेबाने आपल्या पाकिटातली सिगारेट कनिष्ठाला देणं, याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळायचा. ऑर्डरचं बघतोय मी, ते म्हणाले. मी सिगारेट घेतली. त्यांच्याच काडीवर पेटवली. मग कागद घेऊन बाहेर आलो.

काका त्या दिवशी जिल्हा कचेरीत गेले होते. बाकीच्यांनी न वाचता सह्या केल्या. अनुसयाबाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, हे काकांनी बघितलंय का?”

मी म्हणालो, “बघितलंय. काकाच म्हणाले सही करा म्हणून.”

काकांवरचा त्यांचा विश्वास मला माहीत होता. तोच मी वापरला. त्यांनी सही केली आणि कागद देताना म्हणाल्या, काका म्हणाले असतील तर त्यात काही तरी असेल.

आठवड्याच्या आत काकांची रवानगी दुष्काळी कामावर झाली. औसा रस्त्याला पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथे हजेरी कारकून म्हणून. पंचेचाळिशी उलटलेल्या वरिष्ठ लिपिकाला मातीच्या बांधावर हजेरीपट धरून उभं करायचं, म्हणजे शिक्षाच. काकांनी नोंदवह्या व्यवस्थित माझ्या ताब्यात दिल्या, कुठल्या पानावर काय आहे ते समजावून सांगितलं आणि सायकलला डबा अडकवून गेले. कागदाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना माहीत नसावं, अशी मी माझी समजूत करून घेतली.

महिनाभराने हजेरीपट आणायला मी तलावावर गेलो. शेकडो माणसं माती खणत होती, वाहत होती. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. सावली म्हणजे एक ताडपत्री. तिथल्या मुकादमाने, काका जवळ नाहीत असं बघून, माझ्याकडे त्यांची तक्रार केली. त्या तक्रारीतूनच मला सगळं कळलं.

दुष्काळी कामावर जुना शिरस्ता होता. गड्याने बिडी पेटवली की बिडी संपेपर्यंत त्याने टेकायचं. त्याला कुणी बोलायचं नाही. बायका बिडी ओढत नाहीत, म्हणून त्यांनी टेकायचं नाही. टोपली डोक्यावरून उतरली की लगेच दुसरी. काका आले तेव्हा त्यांना दिसलं की काही बाया बिड्या ओढायला लागल्या आहेत. एक पोरगेली सून, पोटुशी, बांधाच्या कडेला बसून ठसकत होती, हातात बिडी. काकांनी विचारलं, बाई, कवापासून ओढता? ती म्हणाली, “ओढत न्हाई, दादा. निस्ती पेटवून धरते. त्याबिगर बसू देत न्हाईत.”

काकांनी त्याच दिवशी शिरस्ता मोडला. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, सगळ्यांनी एकदम बसायचं. बाईने, गड्याने, म्हाताऱ्याने. पाणी प्यायचं, दम खायचा. ज्याला बिडी ओढायची त्याने बांधापलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायचं. कामाच्या जागी, ताडपत्रीखाली, पाळण्यांपाशी बिडी नाही. मुकादमाचं म्हणणं, गडी आठ दिवस फुरंगटले होते. मग एक म्हातारा गडीच काकांच्या बाजूने उभा राहिला, म्हणाला माझ्या नातीला पाळण्यात खोकला लागला होता तो थांबलाय. खड्ड्यांची मापं घेतली तर काम तसूभर कमी नव्हतं.

“मंग तक्रार कशाची हाय?” मी मुकादमाला विचारलं.

त्याने डोकं खाजवलं. “तक्रार न्हाई तशी. पण बायका माज करून राहिल्या ना जी. बसायची येळ झाली की मलाच सांगत्यात.”

काका ताडपत्रीखाली भेटले. रापले होते, ओठ फुटले होते, पण बाह्यांची बटणं लावलेलीच. पहिला प्रश्न अनुसयाबाईंचा. मी सांगितलं की रजा संपत आलीय, गेल्या आठवड्यात तीन दिवस आल्या नाहीत. काकांनी एक लिहून ठेवलेला अर्ज काढला. बाईंची प्रकृतीच्या कारणास्तव तलावाच्या कामावर हजेरी लिहिण्यासाठी नेमणूक करावी. खाली बाईंच्या सहीची जागा. रस्त्यालगतच काम, एसटी दारात थांबते. “धूळ हाय, पण वारं बी हाय,” ते म्हणाले. “इथं त्या टिकतील. हा कागद तुम्हीच साहेबापुढं न्या.” ‘तुम्हीच’वर त्यांनी जरा जोर दिला असं मला वाटलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी बाईंची सही घेऊन अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी विचारलं, प्रकृतीचं कारण म्हणजे काय? बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, धुराने दम लागतो. साहेबांनी कपाटातून तो कागद काढला. त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. “मग हे काय? त्रास नाही म्हणून तुम्हीच लिहून दिलंय की.”

बाईंनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो, हातभर अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. मी फाईलच्या नाडीची गाठ सोडवत राहिलो.

पंधरा दिवसांत त्यांची सेवा संपली. शेवटच्या दिवशी त्यांनी मशीनवर कापड घातलं, ड्रॉवर पुसला आणि निघताना मला म्हणाल्या, “भाऊ, ‘र’चं बटण अडकतं. नव्या माणसाला हळू दाबा म्हणावं.” त्यानंतर त्या एका डाळमिलमध्ये डाळ पाखडायला लागल्या असं ऐकलं. डाळमिलमध्ये काय धूळ उडते, ते लातूरच्या माणसाला सांगायला नको.

बाई गेल्यानंतरच्या आठवड्यात माझी ऑर्डर आली. आईने गावात पेढे वाटले. माझ्या वाट्याचा मी तसाच ठेवला. पुढच्याच शनिवारी दुपारी मी तलावावर गेलो आणि काकांना म्हणालो की मला लिहून द्यायचंय. त्यांनी कागद दिला, पेन दिलं, माझ्यासाठी जागा केली. मी लिहिलं की बाईंना मजकूर न समजावता माझ्या सांगण्यावरून सही घेतली आणि त्यांचा जबाब खरा धरू नये. काकांनी वाचलं.

“एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

पुढे काकांनी अर्जांचा सपाटा लावला. माझ्या कागदामुळे साहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण एक गंमत झाली. अण्णांनी माझ्या कागदाचं ऐकलं आणि दोन दिवसांनी स्वतःहून दुसरा जबाब लिहून दिला. ‘मी रोज ओढतो. मलाही त्रास होतो. आधीच्या कागदावर सही करताना मी खोकत होतो.’ त्यांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि वाचताना खरंच खोकले. वर्षाने साहेब बदलले. नव्या साहेबांना कपाटात काकांचा पहिला अर्ज सापडला आणि त्यावर त्यांनी चार ओळींचा हुकूम लिहिला. मागच्या पडवीत दोन बाकं पडली. त्यावरचा हवालदार झाले अण्णा! कुणी खोलीत काडी काढली की ते ओरडायचे, “ए, वरात पडवीत ने.” वर्षभरात खोलीतले खोकले थांबले. खिडकीला ओलं तरट लागलं. मी स्वतः सिगारेट सोडली ती मात्र फार पुढे, मुलगी झाल्यावर.

अनुसयाबाईंना परत घेतलं. पण त्याला वर्षाच्या वर काळ गेला. नेमणूक नांदेडला मिळाली. काकाही पुढे बदलीने नांदेडला आपल्या घरी गेले आणि माझा त्यांचा संबंध दिवाळीच्या पत्रापुरता राहिला.

माझी पन्नाशी जवळ आली आहे. आता कायदा झाला आहे, प्रत्येक कचेरीत पाटी आहे. मी स्वतः ज्या कार्यालयाचा प्रमुख आहे तिथे लोक मला फार कडक समजतात, काडीचा वास आला तरी उठून येतो म्हणतात. मला त्याचा अभिमान वाटत नाही. कारण मी कागदावर अर्धंच लिहिलं होतं. काकांचं नाव घेऊन खोटं बोललो, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बैठकीसाठी नांदेडला गेलो, बैठक लवकर संपली आणि पाय त्यांच्या घराकडे वळले.

काका ओसरीत सुपात हरभरा निवडत बसले होते. सत्तरी उलटलेली, चष्म्याला दोरी. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. मी फार वेळ लावला तर धीर जाईल म्हणून सरळ सुरुवात केली. काका, एक सांगायचं राहून गेलंय, म्हणालो. त्या दुपारी बाईंनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं.

त्यांचा हात सुपात चालूच राहिला. “ठाऊक हाय मला.”

“कधीपासून?”

“सही झाली त्याच आठवड्यात. बाई माझ्या खोलीवर आल्या व्हत्या. रडून राहिल्या व्हत्या. म्हणल्या, काका, तुम्हीच सही करा म्हणलाव ना?”

“मग तुम्ही साहेबापुढं बोलला का नाही?”

त्यांनी सूप खाली ठेवलं. चष्मा काढला. “तुमची ऑर्डर यायची व्हती जी.”

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“लबाडीनं सही घेतली असं त्या टायमाला कागदावर आलं असतं, तर तुम्ही घरी गेला असता. तुमच्या घरी बी दुष्काळच व्हता. म्या म्हणलं, महिनाभराचा सवाल हाय. पोराची ऑर्डर येऊ द्यावी, मंग त्याचं त्यो बोलंल. बाईंना म्हणलं, थांबा. त्या थांबल्या.” त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. “तेवढ्यात त्यांना काढलं. वर्सभर डाळमिलची धूळ खाल्ली. आता जिना चढता येत न्हाई त्यांना. ती धूळ तुमच्या एकट्याच्या नावावर न्हाई. अर्धी माझ्या नावावर हाय.”

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी माझं मनगट धरलं, म्हाताऱ्या माणसाच्या मानाने घट्ट.

“मला सांगून काय व्हतंय? जिला सांगायचं ती चार गल्ल्या पलीकडं राहाती.”

मी म्हणालो, माझी लातूरची गाडी आहे, पुढच्या वेळी नक्की. काका उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, मनगटाची बटणं लावली. “गाड्या रोज असत्यात,” म्हणाले आणि माझ्यापुढे पायऱ्या उतरले.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. त्यांनी वाट सांगितली. सरळ जायचं, पाण्याची टाकी लागेल, तिथून उजवीकडे, तळमजल्याचं घर. मी विचारलं, तुम्ही बरोबर येता का. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असावं, पण ते हलले नाहीत.

“माझं म्या कवाच सांगून आलोय,” ते म्हणाले. “तुमचं तुम्ही सांगा.”

मी चालू लागलो. टाकीपाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. काका अजून तिथेच होते, विजेच्या खांबाला हात टेकून, उन्हाने डोळे बारीक करून. मी थांबलेला पाहून त्यांना वाटलं असावं की मी वाट विसरलो. त्यांनी दुसरा हात वर केला आणि मला दिसेल असा, सावकाश, उजवीकडे दाखवला.